कावडीचे एकच टोक

नोकरीच्या निमित्ताने मी चेन्नईला राहायला गेले, तेव्हा कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याचे खरे नाव मला पहिले तीन आठवडे ठाऊकच नव्हते, कारण सगळे त्याला 'इदयम मुरली' म्हणत. तो हिशेब विभागात बसत असे, पण डबा खायला मात्र दोन मजले उतरून आमच्या विभागात येई, आणि ज्या मुलीसाठी तो येतो हे शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना माहीत होते, तिच्याशी 'लोणचे हवे का' यापलीकडे एक अक्षरही बोलत नसे. एकदा मी त्याला भाबडेपणाने 'मुरली' अशी हाक मारली आणि जेवणाच्या टेबलावर एकच हशा पिकला. आमच्या विभागातील सर्वांत ज्येष्ठ बाईंनी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, मग मला समजावून सांगितले की मुरली हा नट, 'इदयम' हा त्याचा चित्रपट, आणि ज्याला आपले प्रेम बोलून दाखवता येत नाही अशा कोणत्याही मुलाला तमिळनाडूत हे नाव आपोआप चिकटते. पुढच्या सोमवारी त्यांनी घरून डीव्हीडी आणून माझ्या हातात ठेवली.

नावाविषयी दोन शब्द आधीच सांगून टाकते. 'इदयम' म्हणजे आपले 'हृदय'च. तमिळ जिभेवर ते असे मऊ होऊन येते. 'मुरली' हे नाव मात्र तमिळ लिपीत ळ घालून लिहितात, आणि तसे मराठीत लिहिले तर वाचकाला कृष्णाच्या बासरीऐवजी जेजुरीची आठवण होईल, म्हणून मी इथे ल वापरला आहे.

'इदयम' सप्टेंबर १९९१ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कदिर यांचा तो पहिला चित्रपट, नायिका हीरा राजगोपाल यांचाही पहिलाच, निर्मिती सत्य ज्योती फिल्म्सची आणि संगीत इळैयराजा यांचे. कथा एका वाक्यात सांगता येईल, आणि तिची ताकदही कदाचित त्यातच आहे. राजा नावाचा खेड्यातला हुशार मुलगा डॉक्टर होण्यासाठी मद्रासला येतो, गीता नावाच्या मुलीला पाहताक्षणी तिच्यात गुंततो, आणि तिला ते सांगण्यासाठी पुन्हा पुन्हा जाऊन पुन्हा पुन्हा न सांगताच परत येतो. मित्र त्याला धीर देतात, ढकलतात, चिडवतात; संधी येते आणि जाते. जातीचा अडसर, श्रीमंत बाप किंवा गुंडांची टोळी असे नेहमीचे अडथळे त्याच्या वाटेत उभे नाहीत, निदान त्याला अडवणारे ते नाहीत. त्याची वाट अडते ती त्याच्याच घशात. मुख्य प्रवाहातील चित्रपटाचा नायक अडीच तास एकच वाक्य उच्चारू शकत नाही, ही कल्पना कागदावर किती अशक्य वाटली असेल याचा विचार मी अनेकदा करते.

ती पडद्यावर शक्य झाली ती मुरलीच्या चेहऱ्यामुळे. मुरली मूळचा बंगळूरचा, कन्नड दिग्दर्शक सिद्धलिंगय्या यांचा मुलगा, आणि तमिळ चित्रपटांत तो १९८४ सालापासून काम करत होता. वर्णाने सावळा, अंगाने किरकोळ, शेजारच्या गल्लीत सायकलची चेन बसवताना दिसेल असा. त्याच्या डोळ्यांत सतत एक दिलगिरी असे, जणू आपण इथे उभे आहोत याबद्दलच तो क्षमा मागतो आहे. हिंदी चित्रपटांतला लाजाळू नायक बहुधा लाजण्याचा अभिनय करताना दिसतो आणि आपल्याला खात्री असते की मध्यंतरानंतर त्याला कंठ फुटणार. मुरलीकडे पाहताना ती खात्री वाटत नाही. तो ओठ उघडतो तेव्हा आपलाच घसा कोरडा पडतो. पुढे कितीतरी वर्षे त्याच्याकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्याच भूमिका येत राहिल्या आणि चाळिशीकडे झुकलेला हा माणूस अजून वह्या घेऊन वर्गात कसा, यावर तमिळनाडूत भरपूर विनोद झाले. परंतु त्या विनोदांत खवटपणा फारसा नव्हता, घरातल्या मुलाची थट्टा करावी तशी ती थट्टा होती.

गाण्यांविषयी बोलायचे तर मी पक्षपाती आहे. येसुदास यांनी गायलेल्या 'पोट्टु वैत्त ओरु वट्ट निला' या गाण्याच्या ओळीचा अर्थ एवढाच की टिकली लावलेला एक वाटोळा चंद्र. जो मुलगा समोर उभा राहून साधे वाक्य पूर्ण करू शकत नाही, त्याला गाण्यात मात्र अशी शांत, सलग, न अडखळणारी भाषा मिळते. तमिळ कळत नसतानाही हा विरोध माझ्यापर्यंत पोहोचला. दुसरे गाणे एप्रिल आणि मे महिन्यांवरचे आहे: सुटी लागली, मुली गावोगाव निघून गेल्या, शहरात हिरवळ उरली नाही, अशी पोरांची तक्रार. मद्रासचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना या गाण्यात दुहेरी सत्य सापडेल. त्याच वर्षाच्या अखेरीस इळैयराजांचे 'दळपति' आणि 'गुणा' हे चित्रपट आले, आणि पुढच्याच वर्षी 'रोजा' घेऊन ए. आर. रहमान आले. त्यामुळे 'इदयम'ची गाणी ऐकताना मला नेहमी वाटते की एका मोठ्या नदीच्या शेवटच्या निवांत वळणावर आपण बसलो आहोत. अर्थात हे आज, मागे वळून पाहताना सुचलेले शहाणपण आहे.

आता ज्या कारणासाठी हा मजकूर लिहायला घेतला त्याकडे येते. पहिल्यांदा चित्रपट पाहून संपला तेव्हा मला जे वाटले ते दुःख नव्हते, हायसे वाटणे होते, आणि त्याचे मला स्वतःलाच नवल वाटले.

माझ्या पिढीच्या मराठी मुलींसाठी 'एकतर्फी प्रेम' हा शब्द कवितेतून आला नाही, वर्तमानपत्रातून आला. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आले, तेव्हा मी महाविद्यालयात होते. त्यानंतर कित्येक महिने आम्हा मुलींच्या घरी संध्याकाळी साडेसहा ही वेळ ठरली, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाताना भाऊ सोबत येऊ लागला, आणि 'एकतर्फी प्रेमातून' हे शब्द बातमीच्या मथळ्यात असे काही रुळले की पुढे काय वाचायला मिळणार हे डोळ्यांना आधीच कळू लागले. 'इदयम' त्या घटनेनंतर दीड वर्षाने मद्रासमध्ये लागला. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, परंतु माझ्या मनात तो जोडला गेला आहे. कोणाचाही पाठलाग न करणारा, वाट न अडवणारा, नकाराचा सूड न उगवणारा, नकार मिळण्याइतकेही तोंड न उघडणारा मुलगा पडद्यावर पाहून मला त्या वयातली ती साडेसहाची वेळ आठवली आणि बरे वाटले. तमिळ चित्रपटांनीही पुढे दुसरीच वाट धरली. नायिकेच्या मागे मागे फिरून तिला जेरीस आणणारा नायक तिथेही लोकप्रिय झाला, आणि २०१६ साली चेन्नईच्या नुंगमबाक्कम रेल्वे स्थानकावर भल्या सकाळी एका तरुणीची हत्या झाली तेव्हा या नायकांनी तरुणांना काय शिकवले यावर तिथे बरीच चर्चा झाली. त्या दिवसांत कोणीतरी राजाची आठवण काढली असती तर मला पटले असते.

पण अक्कांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. त्या निवृत्तीला आलेल्या, घरी जुने तमिळ काव्य वाचणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "तू राजाकडून पाहतेस. गीताकडून पाहिलेस का?" आणि मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी पुढे स्वतः वाचून काढल्या.

पहिली गोष्ट तोल्काप्पियम या प्राचीन व्याकरणग्रंथातली. या ग्रंथाचा तिसरा भाग काव्याच्या आशयाविषयी आहे, आणि त्यात प्रेमाचे सात प्रकार मांडले आहेत. मधल्या पाच प्रकारांना कुरिंजी, मुल्लै, मरुदम, नेय्दल, पालै अशी फुलाझाडांची नावे आहेत आणि दोघांचे परस्परांवरील प्रेम त्या पाचांत येते. शेवटचा प्रकार विजोड प्रेमाचा. सर्वांत पहिला प्रकार म्हणजे कैक्किळै, अर्थात एका बाजूचे प्रेम, आणि त्याच्या वाट्याला फूलही आलेले नाही. त्याची जी व्याख्या तिथे दिली आहे ती मला विलक्षण वाटली: समोरून उत्तर मिळत नसताना बोलत राहणे आणि त्या बोलण्यातच सुख मानणे. म्हणजे प्राचीन तमिळ शास्त्राप्रमाणे एकतर्फी प्रेम करणारा माणूस बोलतो. गप्प असते ती दुसरी बाजू. राजा मात्र बोलतच नाही. त्याने विचारलेच नाही तर गीताने उत्तर दिले नाही असे तरी कसे म्हणावे? शास्त्राच्या काटेकोर अर्थाने राजाचे प्रेम एकतर्फीसुद्धा ठरत नाही. ते अजून प्रश्नाच्याही अलीकडे थांबलेले आहे.

दुसरी गोष्ट तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ काव्यग्रंथातली. त्यातल्या प्रत्येक दोन ओळींच्या पद्याला कुरळ म्हणतात. साने गुरुजींनी या ग्रंथाचा मराठी अनुवाद केल्यामुळे हे नाव आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. त्यातील ११९६ व्या कुरळचा भावार्थ असा आहे की प्रेम एकाच बाजूला असले तर ते क्लेशाचे. कावडीसारखे दोन्ही टोकांना असले तरच ते गोड. तमिळमधील कावडि आणि आपली कावड हे एकाच घरातले शब्द आहेत, त्यामुळे ही उपमा समजायला मराठी माणसाला टीकाकाराची गरज नाही. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून ज्याने कावड वर चढताना पाहिली आहे त्याला माहीत असते की प्रश्न वजनाचा नसतो, तोलाचा असतो. दोन्हीकडे भरलेली कावड खांद्यावर झुलत पुढे जाते आणि एकीकडे रिकामी असलेली कावड, निम्मेच ओझे असूनही, माणसाला चालू देत नाही. अक्कांनी ज्यावर बोट ठेवले ते याच्याही पुढचे होते. कुरळच्या त्या प्रकरणात ही तक्रार करते ती नायिका आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या काव्यात एकतर्फी प्रेमाचे दुःख बाईच्या तोंडी येऊ शकले, आणि १९९१ सालच्या चित्रपटात ते सबंध पुरुषाच्या मालकीचे झाले, हे त्यांचे म्हणणे होते.

मग मी चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला, आणि या वेळी गीतावर नजर ठेवून पाहिला. तेव्हा लक्षात आले की तिच्या बाजूने पाहिले तर बराच वेळ काही घडतच नाही. ती शिकते, हसते, येते, जाते. तिच्या भोवती गाणी रचली जातात, तिच्या नावाने एक माणूस झुरतो आहे हे तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत असते. तिला होकार किंवा नकार देण्याची संधी नाकारली गेली आहे, तीही अत्यंत सभ्यपणे. राजाच्या गप्प बसण्यात मला जी सुरक्षितता दिसली होती ती खरीच होती, तो माझा भ्रम नव्हता. पण त्या गप्प बसण्यात तिला एक चित्र करून भिंतीवर टांगणेही होते, आणि चित्राला कोणी काही विचारत नाही.

या बाबतीत 'इदयम'चा वडीलभाऊ शोभणारा एक चित्रपट त्याच्या अकरा वर्षे आधी येऊन गेला होता. १९८० सालचा 'ओरु तलै रागम', म्हणजे शब्दशः 'एका टोकाचा राग', राग गाण्यातला. कावेरीकाठच्या मायवरम भागातले महाविद्यालय, आगगाडीने रोज ये-जा करणारी मुले, आणि त्यातला एक राजाच, नावानेही राजा. कथा आणि गाणी टी. राजेंदर यांची, दिग्दर्शक म्हणून नाव मात्र ई. एम. इब्राहिम यांचे, आणि त्यावरून वाद झाले ते वेगळेच. तिथे गंमत अशी की नावात एक टोक असले तरी प्रेम दोन्ही टोकांना आहे. सुभद्रा राजावर प्रेम करते, पण आईविषयी गावात जे बोलले जाते त्याच्या भाराखाली ती तोंड उघडत नाही, आणि उघडायला येते तोवर फार उशीर झालेला असतो. या चित्रपटातील सगळी गाणी पुरुषांच्या आवाजात आहेत. सुभद्रेचे मन काय म्हणते हे सांगायला एकाही गायिकेचा आवाज लागला नाही, हे कोणी मुद्दाम केले असेल तर त्यासारखी अचूक निवड नाही, आणि सहज झाले असेल तर ते अधिक बोलके आहे.

'इदयम'च्या शेवटाकडे मात्र कदिर एक असा डाव टाकतात की ज्यामुळे मी त्यांना बाकी सगळे माफ करते. राजाचे हृदय आजारी पडते. डॉक्टर सांगतात की आता त्याला धक्का सोसणार नाही, दुःखाचाही नाही आणि आनंदाचाही नाही. आणि गीताला सारे कळते ते याच वेळी. तिच्याकडे आता होकार आहे, पण तो उच्चारला तर ऐकणारा त्या आनंदानेच मरेल. इतका वेळ जे राजाच्या घशात अडकले होते ते आता तिच्या घशात येऊन बसते. कावडीचे टोक बदलते. फरक एवढाच की राजा घाबरून गप्प होता आणि ती समजून-उमजून गप्प आहे, आणि पहिल्यांदाच चित्रपटातील शांततेला तिचा स्वतःचा निर्णय म्हणून काही वजन येते. हीरा यांचा तो पहिलाच चित्रपट असल्याचे त्यांच्या अभिनयात अनेक ठिकाणी जाणवते, पण हा भार त्यांनी नीट उचलला आहे.

'आनंदाने हृदय बंद पडते' हा वैद्यकीय खुलासा ऐकून मी पहिल्या वेळी हसले होते. माझी एक बहीण डॉक्टर आहे. तिला सांगितले तर ती हसली नाही. १९९० साली, म्हणजे चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, जपानी डॉक्टरांनी तकोत्सुबो नावाच्या एका हृदयविकाराचे वर्णन केले होते. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाची डावी जवनिका, म्हणजे डावीकडचा खालचा कप्पा, खालच्या बाजूने फुग्यासारखी फुगते आणि तिचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. पुढे २०१६ साली एका संशोधनात असे आढळले की भावनिक कारणाने हा विकार झालेल्या ४८५ रुग्णांपैकी २० जणांच्या बाबतीत ते कारण आनंदाचे होते. मात्र हा विकार बहुतेक वेळा उतारवयातील स्त्रियांना होतो आणि बरेचसे रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, त्यामुळे राजाचा केस पेपर बहिणीने तरीही परत केला. कथाकाराला अर्थात यातले काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. ज्याचे नावच 'हृदय' आहे त्या चित्रपटात रोग दुसऱ्या कोणत्या अवयवाला होणार होता?

कदिर यांची पुढची कामे मराठी प्रेक्षकांनी नकळत पाहिलेली आहेत. 'मुस्तफा मुस्तफा' हे गाणे ज्यातले, तो १९९६ सालचा 'कादल देसम' त्यांचाच, आणि सोनाली बेंद्रे यांना घेऊन केलेला १९९९ सालचा 'कादलर दिनम'ही त्यांचाच; हे दोन्ही हिंदीत येऊन गेले. दोन्ही झगमगीत आहेत. मला त्यांत तो मऊपणा पुन्हा सापडला नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये, मी चेन्नईतच असताना, मुरलीचा मुलगा अथर्वा याचा पहिला चित्रपट 'बाणा कात्ताडि' लागला. तोही सत्य ज्योती फिल्म्सचाच. त्यात मुरली पाहुणा म्हणून क्षणभर येतो, आणि येतो तो अजूनही आपले प्रेम सांगू न शकलेला राजा म्हणूनच. आम्ही कार्यालयातले सात-आठ जण एकत्र पाहायला गेलो होतो. तो पडद्यावर दिसताच चित्रपटगृहात शिट्ट्यांचा असा कल्लोळ झाला की पुढचे संवाद कोणालाच ऐकू आले नाहीत. आमच्यातला 'इदयम मुरली' माझ्या शेजारी बसला होता आणि सर्वांत मोठ्याने तोच हसत होता. ज्या मुलीसाठी तो दोन मजले उतरून येत असे, ती त्याच्या पलीकडच्या खुर्चीवर होती. त्यांचे काय ठरले होते, ठरले होते की नाही, हे मी विचारले नाही.

त्यानंतर महिनाभराने, ८ सप्टेंबरला, मुरली हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ४६. त्या दिवशी जेवणाच्या वेळी नेहमीची चिडवाचिडवी झाली नाही. अक्कांनी डबा उघडला, सगळ्यांच्या ताटल्यांत थोडा थोडा ताकभात वाढला, आणि आमच्या त्या सहकाऱ्याला, मी तिथे आल्यापासून पहिल्यांदाच, त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून लोणचे हवे का असे विचारले.